डांगाणातलं पर्यटन: गाव तगतंय की नुसते तंबू?

कडेकपारी (धागाकर्ता)

अकोले तालुक्याच्या पश्चिमेचा डोंगरपट्टा, म्हणजे भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, साम्रद आणि तिकडे हरिश्चंद्रगडाखालचं पाचनई, याला तिथली माणसं डांगाण म्हणतात. पावसाचा मुलूख. घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यात टिकेल असंच सगळं तिथं घडत गेलं. डांगी बैलच बघा. कातडी घट्ट नि तेलकट, अंगावर पाणी मुरत नाही. खूर काळे नि टणक, चिखलात कुजत नाहीत. माणसंही तशीच. महादेव कोळी, ठाकर. डोंगरउतारावर नागली-वरई, खाली खाचरात काळभात, बांधाला खुरासणी. फुकाचं बोलणं नाही, पण दारी आलेल्याला कोरा चहा दिल्याशिवाय सोडणार नाहीत.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या मुलखाचा नूर पालटला आणि माझ्या मते बिघडला. जलाशयाच्या कडेनं मुतखेलपासून रतनवाडीकडे निघा. रंगीत तंबूंच्या रांगा, बांबूची फाटकं, फाटकावर दिव्यांच्या अक्षरांत इंग्रजी नावं. एका कॅम्पच्या साउंडला शेजारच्या कॅम्पचा साउंड उत्तर देतोय. जिथं पायऱ्यापायऱ्यांची खाचरं होती तिथं जेसीबी लावून बांध मोडलेत, कारण तंबूला सपाट जागा लागते. भाताच्या बांधामागं पिढ्यांची मेहनत असते. तो एकदा मोडला की खाचर पाणी धरत नाही आणि माती पहिल्या दोन पावसांत ओढ्याला जाते.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे. तेव्हा तर रात्री अकराला शेंडी गावाच्या पुढं मोटारींची रांग असते, हेडलाइट लावून. अंधार बघायला आलेले लोक उजेड घेऊन येतात. आणि ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून, कसाऱ्याचा घाट जे थोडंफार गाळणीचं काम करायचा तेही संपलं.

माझं म्हणणं सरळ आहे. मुक्काम फक्त गावातल्या घरांत. पाण्याकाठी आणि अभयारण्यात एकही तंबू नको. काजव्यांच्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर बाहेरच्या गाड्या शेंडीतच थांबवा. धंदा कमी होईल? होऊ दे.

डांगीबैल

धंदा कमी होईल, होऊ दे! दादा, हे वाक्य पुण्यात बसून लिहायला किती सोपं आहे बघा.

मी राजूरच्या वरच्या अंगाचा. तुम्हाला जो रांगडा मुलूख आवडायचा त्याच्यात माझ्या चुलतीला बाळंतपणाच्या वेळी झोळीत घालून सहा मैल आणलं होतं. रस्ता नव्हता म्हणून तुम्हाला तिथली शांतता मिळत होती. आमच्याकडं भात पोटापुरता होतो, विकण्याइतका नाही. दिवाळी झाली की घरं बंद आणि अख्खा पाडा नारायणगाव-ओतूरकडं टोमॅटो तोडायला, कांदे लावायला. मुलांची शाळा तिथंच बुडते. नारायणगावच्या स्टँडजवळ सकाळी मजुरांचा बाजार भरतो, बघून या एकदा. हे तुम्हाला दिसलं नसेल, कारण ट्रेकवाले जुलै-ऑगस्टात येतात. तेव्हा गाव भरलेलं असतं, हिरवं असतं, चुली पेटलेल्या असतात. फेब्रुवारीत कुलपं मोजा.

आज माझा धाकटा भाऊ साम्रदला सांदण दरीत लोकांना घेऊन जातो. दोर लावायला शिकला, फर्स्ट एडचं प्रशिक्षण केलं. दहावी नापास पोरगा आहे तो. पर्यटन नसतं तर आज टोमॅटोच्या क्रेटा उचलत असता. माझ्या आईच्या आयुष्यात पहिल्यांदा पक्क्या भिंतीचं घर झालं, त्याला तुम्ही सिमेंटचं जंगल म्हणणार. म्हणा.

वीकेंड_ठाणेकर

डांगीबैल यांना शंभर टक्के पाठिंबा. आम्ही वर्षात तीन-चार वेळा येतो, पैसे देतो, व्यवस्थित राहतो. सगळ्या पर्यटकांना एकाच माळेत ओवू नका. आमच्या ग्रुपमध्ये कुणी दारू पीत नाही, आणि कचऱ्याची पिशवी आम्ही गाडीत घालून परत आणतो.

आणि समृद्धीवर एवढा राग का? तोच रस्ता शेतकऱ्याचा भाजीपालाही नेतो. शहरातल्या माणसाने आठवडाभर लोकलला लोंबकळायचं आणि शनिवारी डोंगराकडे बघितलं तरी डोळे वटारायचे. डोंगर काय ट्रेकर लोकांनी विकत घेतलाय?

चिंच_गूळ

ठाणेकर, पिशवी परत आणता याबद्दल अभिनंदन. ती आणायचीच असते.

पाणथळ

काजव्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण या विषयावर दरवर्षी मे महिन्यात भावना उतू जातात आणि किड्याचा विचार मागे राहतो.

झाडांवर लुकलुकताना दिसतात ते बहुतेक नर. त्यांची उघडझाप ठरावीक लयीत असते. मादी खाली, गवतात किंवा झुडपावर बसून त्या लयीला उत्तर देते. हा सगळा संवाद अंधारातच चालतो. हेडलाइट, मोबाइलची बॅटरी, कॅम्पवरच्या माळा, यातलं काहीही मध्ये आलं की त्यांना एकमेकांचा पत्ता लागत नाही. बरं, प्रौढ काजव्याच्या हाती वेळ किती? दोन-तीन आठवडे. त्यातले आठ-दहा दिवस गर्दीत गेले की पुढच्या वर्षाचं बी कमी. फोटोसाठी झाडाखाली जाणारी माणसं बसलेल्या माद्याच तुडवतात, हे वेगळंच.

पण धागाकर्त्यांच्या मागणीत एक मोठी फट आहे. काजव्याचं बरंचसं आयुष्य अळीच्या रूपात जातं. ओल्या मातीत, पालापाचोळ्यात, ओढ्याच्या कडेला. ती अळी गोगलगायी खाते. म्हणजे जूनमध्ये गाड्या शेंडीत थांबवल्या, पण जानेवारीत कुणी ओढ्याकाठचा सादडा तोडून, पाचोळा जाळून, जमीन रोलरने दाबून घेतली, तर काजवे जूनपर्यंत पोचणारच नाहीत. सादडा, बेहडा, हिरडा, जांभूळ ही झाडं आणि त्यांच्याखालची कुजकी ओल हेच काजव्यांचं घर. महोत्सवाचे पंधरा दिवस सोडून उरलेल्या साडेअकरा महिन्यांबद्दल बोला. वनसमितीची पावती फाडून गर्दी मोजता येते, माती वाचत नाही.

पडवीतली_खानावळ

इथं बायका कमी बोलतात म्हणून लिहिते. मी पाण्याकाठच्या एका गावातली सून. पडवीत चार टेबलं टाकून जेवण देते. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, भात, वर कधी गावठी कोंबडी. शनिवारी पहाटे चारला चूल पेटते. बारा वाजेस्तोवर साठ भाकऱ्या थापून झालेल्या असतात आणि मग एखादी ताई विचारते, "मुलांसाठी नूडल्स मिळतील का?" आता तेही ठेवते. त्या पैशांतून मी मुलीला संगमनेरला नर्सिंगला घातलं. नवऱ्यापुढं हात न पसरता. तेव्हा पर्यटन बंद करा म्हणणाऱ्यांशी माझं जमणार नाही.

पण डांगीबैल भाऊ, तुमचंही सगळं पटत नाही. पैसा गावात येतो म्हणता, तो येतो कुणाच्या घरात? आमच्या चुलत दिरांची पाण्यालगत जागा आहे. तंबूवाला शहरातला. कागद कसला तर नोटरीचा, वर्षाला ठरलेली रक्कम. सातबारा दिरांच्याच नावावर, म्हणून कुणी विचारत नाही. आणि रात्री तंबू झाडायला, शेकोटीची लाकडं फोडायला, उलट्या पुसायला कोण? तेच दीर. रोजावर. पाहुणे त्यांना "मामा, बर्फ आणा" म्हणून हाक मारतात. जागेचा मालक आहे हे त्यातल्या एकालाही माहीत नसतं. जेवणाची ऑर्डर पण कॅम्पच्या आचाऱ्याकडं, गावातल्या बाईकडं नाही.

दुसरं पाण्याचं. धरण समोर दिसतंय म्हणून सगळ्यांना वाटतं इथं पाण्याला काय तोटा. एप्रिल सरता सरता आमची विहीर तळ गाठते. ती आटलेली असतानाच काजवेवाल्यांसाठी कॅम्पवर शॉवर सुरू असतात, मोटर टाकून. मी दोन हंडे डोक्यावर घेऊन चढ चढत असते आणि वरून पाहुणे व्हिडिओ काढतात. गावाकडचं जीवन म्हणून.

कायद्याचं_बोला

वहिनींनी सांगितलेला नोटरीचा कागद कोर्टात टिकणारा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ३६-अ. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, बक्षीस, गहाण, भाडेपट्टा कुठल्याही मार्गाने द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. पट्टा पाच वर्षांहून जास्त असेल तर शासनाची मान्यताही. म्हणूनच कागदावर मालक आदिवासी ठेवतात आणि गल्ला दुसऱ्याचा. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे, तक्रार कुणी करत नाही, कारण तक्रार केली तर आधी अडकतो तो सातबाऱ्यावरचा माणूस.

शिवाय हा भाग पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने ग्रामसभेला इथे इतर गावांपेक्षा जास्त अधिकार. आणि मोठा तुकडा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, १९८६ पासून. त्यामुळे धागाकर्त्यांनी मागितलेली बंदी नव्याने आणायची गरजच नाही. आहे ते वापरलं तरी निम्मे तंबू उठतील.

डांगीबैल

वकीलसाहेब, कायदा वापरायला निघाला की पहिली नोटीस कुणाला येते माहीत आहे का? कॅम्पवाल्या शेठला नाही. रस्त्याकडेला मक्याची कणसं भाजणाऱ्या म्हातारीला. अभयारण्य झालं तेव्हापासून आमच्या लोकांना चराईवरून, सरपणावरून, घर वाढवण्यावरून कटकटी. डांगी जनावरं कमी झाली असं कडेकपारी दादा हळहळतात, तर ती चरणार कुठं? राजूरच्या डांगी प्रदर्शनात जनावरं बघायला या, मग मालकाला विचारा वैरण कुठून आणतो.

पडवीवाल्या वहिनींचं तंबूवाल्यांबद्दल खरं आहे. पण ते धरून "मुक्काम फक्त घरांत" केलं, तर ज्याचं घर रस्त्यालगत आणि पक्कं त्याचंच फावेल. वरच्या ठाकरवाडीतल्या माणसाकडं जागा आहे ती डोंगराची, घर नाही दाखवण्यासारखं. त्यानं आपले स्वतःचे दोन तंबू लावले तर काय बिघडलं?

सातारची_सई

आमच्या कासच्या फुलांच्या पठाराचा अनुभव सांगते. पश्चिम घाटाच्या यादीसोबत २०१२ मध्ये युनेस्कोचा शिक्का बसला आणि सप्टेंबरमध्ये रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरेना. मग ऑनलाइन बुकिंग, दिवसाला ठराविक पर्यटक, शुल्क, पार्किंगपासून पठारापर्यंत बसने ने-आण. आसपासच्या गावांची समिती हे बघते, पोरांना हंगामी काम मिळतं. गोंधळ बराच आटोक्यात आला. पठाराला तारेचं कुंपणही घातलं होतं. त्यानं माणसं थांबली, पण गुरंही थांबली, गवत माजलं आणि फुलं रोडावली अशी ओरड झाली, शेवटी कुंपण काढलं. तेव्हा "कुणालाच येऊ देऊ नका" यानेही मुलूख राखला जातोच असं नाही. तिथं गुरं चरत होती म्हणून तो तसा होता.

आता आमच्याकडे नवीन महाबळेश्वर नावाचा गिरिस्थान प्रकल्प डोक्यावर आहे, दोनशेहून जास्त गावांचा आराखडा. अकोलेकरांनो, तुमचे तंबू परवडले म्हणायची वेळ येईल.

कडेकपारी

बरंच ऐकून घेतलं. डांगीबैल, नारायणगावचा मुद्दा तुम्ही मांडलात तो बिनतोड आहे असं सगळ्यांना वाटलं, मला वाटत नाही. पर्यटनाचा हंगाम बघा. काजव्यांचे पंधरा-वीस दिवस, मग जून ते सप्टेंबरचे शनिवार-रविवार, एक ३१ डिसेंबर. जानेवारी ते मेच्या मध्यापर्यंत इथं कुत्रं फिरकत नाही, आणि टोमॅटो-कांद्याची मजुरी नेमकी त्याच महिन्यांतली. ज्या दिवसांत घरं बंद होतात त्या दिवसांत पर्यटन काम देत नाही. ज्या दिवसांत देतं ते दिवस आवणीचे, म्हणजे भातलावणीचे. जुलैतला प्रत्येक हात खाचरात लागतो, तेव्हा पोरं रस्त्यावर पार्किंगच्या चिठ्ठ्या फाडत उभी असतात. खाचर पडीक राहतं, आणि पडीक खाचरावरच पुढच्या वर्षी तंबू येतो. मुलूख बदलतो तो असा. नुसत्या गर्दीनं नाही.

कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या. गावरान बियाण्यांसाठी त्यांना पद्मश्री मिळाली. बियाणं जपायचं म्हणजे ते दरवर्षी मातीत पडायला लागतं. काळभात मेनूकार्डावर ठेवून जगत नाही.

डांगीबैल

आवणी सोमवार ते शुक्रवार होते, दादा. शनिवार-रविवार पार्किंग. आमच्या घरी असंच चालतं. भाताला तुमचा कॅलेंडर कळत नाही, पण आम्हाला दोन्ही कळतात.

आणि काळभाताचं म्हणाल तर किलोला दुप्पट भाव देणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा कुणी आणलं? खानावळीत भात चाखलेल्या पाहुण्यानं. राजूरच्या व्यापाऱ्यानं नाही.

नानाश्री

वय झालं, म्हणून थोडं अवांतर. कळसूबाईची कथा ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी. कळसू नावाची कोळ्याची पोर पाटलाच्या घरी कामाला राहिली ती एका अटीवर: वाट्टेल ते काम करीन, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. पाटलानं अट मोडली, बाई डोंगरावर निघून गेली ती कायमची. त्या १६४६ मीटर उंच शिखराच्या वाटेवर, शिड्यांच्या आजूबाजूला, आज द्रोण-पत्रावळी, बाटल्या नि वेफर्सची पाकिटं पडलेली असतात. बारी गावातली पोरं सोमवारी ती गोळा करतात. देवीची अट आपण तिच्या लेकरांवर मोडतो आहोत.

बाकी, भंडारदरा धरणाचं काम १९२६ ला संपलं. अकरा टीएमसी पाणी शंभर वर्षं खाली नेवासे-राहुरी-श्रीरामपूरकडच्या उसाला गेलं. डांगाणानं आधी पाणी दिलं, मग मजूर दिले, आता निसर्गसौंदर्य देतंय. घेणाऱ्यांचे पत्ते फक्त बदलले.

वीकेंड_ठाणेकर

नानाश्री, बाटल्यांचं मान्य. पण मग कचऱ्याचे डबे ठेवा ना जागोजागी! आम्ही टाकायला तयार आहोत.

चिंच_गूळ

डबा ठेवला की तो रिकामा करायला शिडी उतरायची कुणी?

पाणथळ

डांगीबैल, तुमच्या दोन तंबूंना माझा विरोध नाही. दोन तंबूंसाठी कुणी जेसीबी आणत नाही. उताराची जमीन सपाट करायला बंदी, ओढ्यापासून ठराविक अंतरात काही नाही, आणि मे-जूनमध्ये बाहेरचा दिवा एकही नाही. एवढं केलं तर ठाकरवाडीतला माणूस आपोआप टिकतो आणि साठ तंबूंचा शेठ आपोआप वैतागतो. साउंड आणि रोषणाई काढून घेतली की त्याच्याकडे विकायला उरतं काय?

पडवीतली_खानावळ

हे पटलं. पण हे ठरवणार कोण? सगळे ग्रामसभा ग्रामसभा म्हणतात. आमच्याकडं ग्रामसभेत हात वर करणाऱ्यांत निम्मे जण जागा दिलेलेच असतात. ज्यांची विहीर आटते त्या बायका मागं भिंतीला टेकून. ग्रामसभेच्या आधी बायकांची सभा वेगळी घ्यायची असं कायद्यात आहे ना वकीलसाहेब? आमच्याकडं ती वही घरोघर फिरवून होते. सही कर, झाली सभा.

कायद्याचं_बोला

आहे. आधी महिला सभा, तिथले ठराव मग ग्रामसभेपुढे. वहीवर सह्या फिरवणं म्हणजे सभा नव्हे, त्यावर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी हरकत घेता येते. आणि घेतलीत तर विषय "पर्यटन" असा मोघम लिहू नका. "मे-जूनमध्ये विहिरीवर व ओढ्यावर लावलेल्या खासगी मोटरी" असा लिहा. त्यावर हात वर न करायला तोंड लागतं.

पडवीतली_खानावळ

मग यंदा काजव्यांच्या आधी, मेच्या पहिल्या आठवड्यात बसवायची म्हणते.

डांगीबैल

वहिनी, मेच्या पहिल्या आठवड्यात निम्म्या बाया अजून नारायणगावलाच असतात. आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरी येतात त्या, दोन-तीन दिवस. त्याला धरून ठेवा. आणि आमच्या आईलाही निरोप द्या. ती तुमच्या बाजूनं बोलेल की माझ्या, ते मला सांगता येत नाही.